अकरावीत कुठलं फिजिक्स घ्यावं? इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीचा निकाल लागला की रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, कुठून ना कुठून फोन सुरू होतात. पहिलं वाक्य ठरलेलं: "सर, मुलाला फिजिक्स आवडतं, आता कुठलं घ्यायचं?" पूर्वी हा प्रश्न कुणी विचारत नसे, कारण निवड करायला काही नसायचंच. आता एकाच बिल्डिंगमध्ये एक मूल एमपी बोर्डात, दुसरं सीबीएसईत, तिसरं आयबीत असतं आणि चौथ्याच्या अमेरिकेतल्या काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एपीचं काहीतरी धाडलेलं असतं. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवतो आहे.

आधी सांगा, पर्याय तरी कोणकोणते?

शाळेबरोबर येणारे पाच: सीबीएसई, एमपी बोर्ड, आयएससी (आयसीएसईवाल्यांची बारावी), आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) आणि केंब्रिजची ए लेव्हल. पहिल्या दोघांचं पुस्तक एकच, एनसीईआरटीचं. आयबी आणि केंब्रिज इंदूरमध्ये मोजक्याच खासगी शाळांत आहेत आणि फी ऐकून निम्मे पालक तिथेच निर्णय घेऊन मोकळे होतात.

एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट हे प्रकरण वेगळं. ते बोर्ड नव्हे. अमेरिकेतल्या कॉलेज बोर्डाच्या या परीक्षा मे महिन्यात होतात, गुण १ ते ५ मध्ये मिळतात आणि इथलं मूल आपलं बोर्ड न सोडता त्या देऊ शकतं. बारावीऐवजी एपी चालेल का, असंही विचारतात. इथल्या प्रवेशासाठी बारावी लागतेच, एपी वरून जोडायचं.

यातलं सगळ्यात वरचं कुठलं?

हा प्रश्न बहुधा आजोबा विचारतात. त्यांना मी एक फळी, एक काचेची गोटी आणि एक बांगडी आणायला सांगतो. फळी तिरकी धरा, गोटी आणि बांगडी एकाच उंचीवरून घरंगळत सोडा. गोटी जिंकते. फळी कितीही लांब असो, बांगडी लहान मुलीची असो की आजीची, बांगडीला सुमारे वीस टक्के जास्त वेळ लागतो.

आता हाच प्रश्न प्रत्येक ठिकाणी कसा विचारतात ते पाहा. एपी फिजिक्स वन (एपीच्या चार फिजिक्स परीक्षांतली एक, फरक खाली सांगतो) विचारेल: आधी कोण पोहोचेल आणि का, ते वाक्यांत लिही. बांगडीचं सगळं वस्तुमान कडेला, म्हणून तिच्या गतिज ऊर्जेतली निम्मी नुसतं फिरण्यात जाते. भरीव गोटीत फिरण्याच्या वाट्याला सातातले दोनच भाग येतात, उरलेले पुढे सरकायला मिळतात. फिजिक्स सी मेकॅनिक्स याच घटनेसाठी बलाचं आणि टॉर्कचं समीकरण मांडून त्वरण काढायला लावेल, आणि मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे वस्तू फिरवायला किती जड जाते त्याचं माप, तयार न देता कधी कधी इंटिग्रेशननं काढ म्हणेल. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड आणखी एक पीळ देते: फळी हळूहळू चढवत नेली, घर्षण दोघांना सारखंच, तर न घसरता घरंगळणं आधी कुणाचं सुटेल? बांगडीचं. तिला लागणारा घर्षणांक कोनाच्या टॅनच्या निम्मा, गोटीला सातातले दोन भागच पुरतात.

आयबीत प्रत्येक विषय हायर किंवा स्टँडर्ड लेव्हलला घेता येतो. तिथे हा प्रश्न हायर लेव्हलच्या मुलाला येईल, स्टँडर्ड लेव्हलच्या मुलाला येणार नाही, कारण दृढ वस्तूचं फिरणं हा भागच त्याला नाही. केंब्रिज ए लेव्हलमध्ये मोमेंट ऑफ इनर्शिया मुळी नाहीच. पण तिथे क्ष-किरण, अल्ट्रासाउंड, पेट स्कॅन आणि विश्वरचनाशास्त्र आहे, जे बाकी कुणाकडे त्या तपशिलात नाही. आणि एनसीईआरटीच्या हल्लीच्या छाटलेल्या आवृत्तीतून घरंगळण्याचा भाग काढून टाकला आहे. चांगले शिक्षक तरीही शिकवतात.

मग वरचं कुठलं? आजोबा गोट्या घेऊन नातवाला शिकवायला बसतात आणि हा प्रश्न तिथेच राहतो. माझ्या मते मुलाला गणित किती येतं आणि बारावीनंतर जायचं कुठे, या दोन गोष्टी ठरल्या की उरलेलं आपोआप ठरतं. पाट्यांवरच्या नावांना फार महत्त्व देऊ नका.

एपीत चार फिजिक्स आहेत म्हणे. वन, टू आणि दोन सी. फरक काय?

पूर्वी फिजिक्स बी नावाची एकच बीजगणितावरची परीक्षा होती. २०१४ नंतर ती बंद करून तिची वन आणि टू अशी वाटणी केली. वनमध्ये यंत्रशास्त्र: गती, बल, ऊर्जा, संवेग, फिरणं, आंदोलनं, आणि २०२४-२५ पासून द्रवांचा भागही, जो आधी टूमध्ये होता. टूमध्ये उष्मागतिकी, वीज, चुंबकत्व, प्रकाश, तरंग आणि आधुनिक भौतिकी. दोन्हींत कॅल्क्युलस लागत नाही.

फिजिक्स सीच्या दोन स्वतंत्र परीक्षा: मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रिसिटी अँड मॅग्नेटिझम. दोन्ही कॅल्क्युलसवर. अमेरिकेत इंजिनिअरिंगला जाणाऱ्याला क्रेडिट, म्हणजे तोच विषय कॉलेजात पुन्हा न करण्याची सवलत, हवी असेल तर बहुतेक विद्यापीठं सीकडेच बघतात, वन-टूला फार तर वैकल्पिक क्रेडिट देतात. नेमका नियम प्रत्येक विद्यापीठाचा आपापला, तो त्यांच्याच संकेतस्थळावर वाचायचा. काकांच्या मुलाला चार वर्षांपूर्वी काय मिळालं यावर विसंबू नका.

२०२५ पासून चारही परीक्षांचा साचा एकच आहे: ८० मिनिटांत ४० बहुपर्यायी प्रश्न, मग १०० मिनिटांत ४ लेखी. कॅल्क्युलेटर चालतो. बहुपर्यायी भाग संगणकावर, लेखी उत्तरं मात्र हातानं कागदावर.

मग सोपं म्हणून वन घ्यावं का?

थांबा. २०२३ मध्ये फिजिक्स वन देणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी मुलांना ३ किंवा त्याहून जास्त मिळाले. सी मेकॅनिक्समध्ये मात्र जवळपास तीन-चतुर्थांश मुलांना मिळाले. याचा अर्थ सी सोपं असा काढू नका. सीला बसणारी मुलं आधीच चाळणीतून आलेली असतात, आणि वनमध्ये सूत्र पाठ असून भागत नाही, कारण समजावून लिहावं लागतं. आपल्याकडची मुलं नेमकी याच जागी अडकतात.

कॅल्क्युलस किती यायला हवं?

पावसाचा थेंब घ्या. हवेचा विरोध वेगाच्या प्रमाणात आहे असं माना. सीबीएसईचा अकरावीचा मुलगा स्टोक्सचा नियम वापरून अंतिम वेग काढतो आणि सुटतो. फिजिक्स वनवाला वेग-काळ आलेख काढतो: सुरुवातीला चढ तीव्र, मग मंद, शेवटी आडवी रेघ. सीवाल्याला त्वरण म्हणजे वेगाचं डेरिव्हेटिव्ह असं लिहून वेग एका बाजूला, काळ दुसऱ्या बाजूला करून दोन्हींचं इंटिग्रेशन करावं लागतं, तेव्हा त्याला तो घातांकी वक्र मिळतो. एवढं जमलं की मेकॅनिक्ससाठी लागणारं बहुतेक कॅल्क्युलस आलंच. वीज-चुंबकत्वात गाउसचा नियम आणि विद्युतभारित सळईचं क्षेत्र आलं की इंटिग्रेशन जरा अंगावर येतं.

इथे एक व्यावहारिक अडचण आहे आणि तिच्याकडे फार कमी लोक बघतात. सीबीएसईच्या गणितात अकरावीला लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन थेट बारावीला. यंत्रशास्त्र मात्र अकरावीतच संपतं. म्हणजे अकरावी संपवून लगेच मेमध्ये सी मेकॅनिक्स द्यायचं तर इंटिग्रेशन आधीच, साधारण दिवाळीच्या सुट्टीपासून, स्वतंत्र शिकावं लागेल. जे मूल ते आनंदानं करतं त्यानं जरूर द्यावी. ज्याला ढकलत न्यावं लागतं त्यानं बारावीनंतर द्यावी किंवा देऊच नये.

वीज-चुंबकत्व बारावीचा विषय, म्हणून ती परीक्षा बोर्डानंतरच्या मेमध्ये. तोवर अमेरिकेचे अर्ज कधीच गेलेले असतात. तिचा उपयोग प्रवेशासाठी होत नाही, पुढे क्रेडिटसाठी होतो.

मुलाचं जेईईचं कोचिंग चालू आहे. एपीला वेगळा अभ्यास लागेल का?

अभ्यासक्रमापुरता फारसा नाही. लिहिण्याचा लागेल.

जेईई मेनमध्ये फिजिक्सचे २५ प्रश्न, तीन विषयांना मिळून तीन तास. वेळ सारखा वाटला तर प्रश्नामागे दोन मिनिटं आणि थोडी सेकंदं. एपीच्या एका लेखी प्रश्नाला सरासरी २५ मिनिटं. भंवरकुआ किंवा गीता भवनच्या बाजूला कोचिंगला जाणाऱ्या एका हुशार मुलाला मी गोटी-बांगडीचाच प्रश्न लेखी दिला होता. त्यानं लिहिलं: सूत्र, एक आकडा, खाली दोन रेघा, "म्हणून गोटी". उत्तर बरोबर. एपीच्या तपासनिसाच्या हिशेबात यातले थोडेच गुण पदरात पडतात, कारण ऊर्जा कुठून कुठे गेली, वस्तुमान का गळून गेलं, बांगडीचा तोटा नेमका कशात, हे त्यात कुठेच नाही. दुसऱ्या वेळी त्यानं सहा ओळी लिहिल्या आणि तिसऱ्या ओळीत स्वतःचीच एक चूक त्याला सापडली. लिहिण्याचा हा फायदा जेईईलाही होतो, पण कोचिंगमध्ये तेवढी सवड कुणाला?

प्रयोगाचा प्रश्नही एपीत येतो: अमुक मोजायचं आहे, साहित्य हे, पद्धत लिही, आलेखाच्या अक्षांवर काय घेशील ते सांग म्हणजे रेघ सरळ येईल. प्रयोगवहीत मागच्या वर्षीच्या दादाची नोंद उतरवलेल्या मुलाला हा प्रश्न परका वाटतो.

परदेशात जायचं की नाही, अजून ठरलेलं नाही. काय करू?

सीबीएसई किंवा एमपी बोर्ड व्यवस्थित करा. त्यावरून आयआयटी, मेडिकल, आयसर (केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था), परदेश, सगळे रस्ते उघडे राहतात. अकरावीच्या अखेरीला मन अमेरिकेकडे झुकलं तर एपीची एखादी परीक्षा जोडता येते. फक्त नाव नोंदवणी परीक्षेच्या कितीतरी महिने आधी, शरद ऋतूतच होते आणि केंद्र मिळवावं लागतं, हे एप्रिलमध्ये आठवून उपयोग नाही.

आयबी घेऊन जेईई किंवा नीट देता येते?

कागदोपत्री येते. प्रत्यक्षात जेईईसाठी दुहेरी अभ्यास होतो, कारण आयबीचं फिजिक्स कॅल्क्युलसवर उभं नाही, हायर लेव्हलसुद्धा नाही. तिथे विचारपूर्वक वाचणं, माहितीचा अर्थ लावणं आणि स्वतःचा प्रयोग यांवर भर आहे. एकूण गुणांतले २० टक्के त्या स्वतःच्या संशोधनाला, ज्याचा अहवाल ३,००० शब्दांपर्यंत लिहायचा असतो. मला स्वतःला हा भाग फार आवडतो. पण शाळा संपवून तेच मूल संध्याकाळी वेळ लावून जेईईचे प्रश्न सोडवणार असेल तर दोन्हींचा रस जातो, हे मी पाहिलं आहे.

इंजिनिअरिंग मनात असेल तर आयबीत फिजिक्स हायर लेव्हलबरोबर गणितही अ‍ॅनालिसिस अँड अ‍ॅप्रोचेस, तेही हायर लेव्हलच घ्या. डॉक्टर व्हायचं असेल तर प्रवेशाआधीच शाळेला स्पष्ट विचारा: नीटला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी तिन्ही लागतात आणि आयबीच्या नेहमीच्या रचनेत दोनच विज्ञान विषय बसतात. तिसऱ्यासाठी खास परवानगी लागते. निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतो, तोवर इथली प्रवेशप्रक्रिया सुरू झालेली असते, तेही ध्यानात असू द्या.

आणि केंब्रिज?

अकरावीला एएस, बारावीला ए लेव्हल, असं दोन टप्प्यांत करता येतं. एक पेपर चक्क प्रयोगशाळेत बसून द्यायचा असतो आणि दुसरा प्रयोगाची आखणी कागदावर करण्याचा. प्रयोगात रमणाऱ्या मुलाला यासारखं दुसरं नाही. भारतातल्या शाळांसाठी मार्चची परीक्षाही असते, तिचा निकाल मेमध्ये येतो. शाळा मार्चला बसवते की जूनला, हे आधी विचारा. जूनचा निकाल ऑगस्टमध्ये येतो आणि तोवर इथे बऱ्याच जागा भरलेल्या असतात.

प्रॅक्टिकलचं एवढं काय? तीस गुण मिळतातच ना?

मिळतात, दुर्दैवानं. सीबीएसईत ७० गुण लेखीचे, ३० प्रॅक्टिकलचे, आणि ते तीस गृहीत धरून मुलं लॅबकडे फिरकत नाहीत. शाळेत नुसतं नाव घालून कोचिंगला जाणाऱ्या डमी अ‍ॅडमिशनवाल्यांचं तर विचारूच नका. नियमाप्रमाणे ७५ टक्के हजेरी लागते आणि बोर्ड अशा शाळांवर अधूनमधून कारवाई करतं. शाळेचं नाव गाजलेलं असो नसो, बघायला जाल तेव्हा लॅब उघडून दाखवायला सांगा. मीटर ब्रिजची तार कळकटली आहे का, सोनोमीटरवर धूळ किती, पंधरा मुलांमागे व्हर्नियर किती आहेत. पाच मिनिटांत शाळेची खरी तब्येत कळते.

मुलीला फिजिक्स आवडतं, पण गणिताचा धसका आहे.

धसका आहे की खरंच येत नाही, हे आधी बघा. दहावीला ऐंशीच्या पुढे गुण असून "मला गणित येत नाही" म्हणणाऱ्या मुली माझ्याकडे बऱ्याच येतात आणि त्यातल्या बहुतेकींना एखाद्या तिरसट शिक्षकानं तसं सांगितलेलं असतं. खरंच गणित सोडायचं असेल तर बायॉलॉजी घेऊनही फिजिक्स राहतंच. नीटमध्ये १८० पैकी ४५ प्रश्न फिजिक्सचे आणि त्यांत कॅल्क्युलस कमी. पण पुढे फिजिक्सच करायचं असेल तर गणित सोडू नका. मध्ये अडेल आणि मग रडू येईल.

इंजिनिअर व्हायचं नाही, शुद्ध विज्ञान करायचं आहे.

छान. आयसरची स्वतःची परीक्षा आहे: ६० प्रश्न, चार विषयांचे पंधरा-पंधरा, त्यामुळे गणित आणि बायॉलॉजी दोन्ही थोडं थोडं लागतं. आयसर भोपाळ आपल्या जवळच. नोव्हेंबरात फिजिक्स ऑलिंपियाडची पहिली फेरी होते, तीही द्या. निवड होवो न होवो, ते प्रश्न मुलाला खरं फिजिक्स दाखवतात.

आपल्या शहरात आरआरकॅट आहे, त्याचा मुलांना काही फायदा?

आहे, आणि इंदूरकर तो घेत नाहीत याचं मला वाईट वाटतं. राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्र १९८४ सालचं. तिथल्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनमध्ये इलेक्ट्रॉन सुमारे १७२ मीटरच्या वळशात फिरतात, २.५ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेवर. विज्ञान दिनाच्या सुमारास ते लोकांसाठी खुलं ठेवतात, तेव्हा मुलांना जरूर न्या.

बारावीचं मूल तिथे उभं राहून म्हणेल, "चुंबकीय क्षेत्रात भार वर्तुळात फिरतो, हे मला येतं." बरोबर. मग त्याला विचारा, इलेक्ट्रॉनची स्थिर ऊर्जा ०.५११ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट, इथली त्याच्या जवळपास ४,९०० पट, तर पुस्तकातलं संवेगाचं सूत्र चालेल का? चालत नाही, सापेक्षतावाद लागतो. वर सांगितलेल्या अभ्यासक्रमांत विशेष सापेक्षता नीट शिकवणारा एकच, आयबी हायर लेव्हल. बाकीच्यांनी ती सुट्टीत स्वतः वाचावी.

पेपर मराठीत देता येईल का?

जेईई मेन आणि नीट मराठीत असतात, पण मराठीचा पर्याय महाराष्ट्रातल्या केंद्रांपुरता. इंदूरच्या केंद्रावर इंग्रजी, हिंदी किंवा उर्दू. शाळेत ज्या भाषेत शिकलात तीच घ्या.

अकरावीच्या मध्यावर बदलता येईल?

सीबीएसई अकरावी-बारावी मिळून दोन वर्षांचा एकच अभ्यासक्रम मानतं, त्यामुळे बारावीला नवा प्रवेश सहसा मिळत नाही. बदली वगैरे ठोस कारण लागतं. आयबीतून बाहेर पडणं त्याहून किचकट. हायर लेव्हलवरून स्टँडर्डवर उतरणं मात्र पहिल्या काही महिन्यांत बहुतेक शाळा करू देतात, आणि त्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

प्रवेश घेण्याआधी घरी काही करून बघता येईल?

येईल, आणि जूनच्या आधीच करा. एनसीईआरटीचं अकरावीचं पुस्तक पीडीएफ रूपात फुकट मिळतं. त्यातला बलाच्या नियमांचा धडा मुलाला स्वतः वाचू द्या, ट्यूशन नको, व्हिडिओ नको. उदाहरणं झाकून आधी स्वतः सोडवायची, मग उत्तर बघायचं. नंतर कॉलेज बोर्डानं मोफत ठेवलेला मागच्या एखाद्या वर्षीचा फिजिक्स वनचा एक लेखी प्रश्न आणि जेईई मेनच्या जुन्या पेपरातले यंत्रशास्त्राचे दहा प्रश्न द्या. वेळ लावू नका. कुठल्या कागदावर ते जास्त वेळ रमलं आणि कुठल्या कागदावरून उठून फ्रिज उघडायला गेलं, ते लांबून बघा आणि मग मला फोन करा. संध्याकाळी सातनंतर, त्याआधी बॅच असते.